पानावरची जीभ

पालोबा वाटीतलं पाणी पीत नाही. वाटी ठेवलेली असते, रोज धुऊन भरलेली असते, आणि तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. त्याला थेंब लागतो, तोही पानावरचा. रात्री खोलीतला दिवा मालवून काचघरात पाण्याचा बारीक फवारा मारला की थोड्या वेळानं तो बुचाच्या सालीमागून बाहेर येतो, मनी प्लांटच्या एखाद्या रुंद पानावर पुढचे दोन पाय टेकवतो आणि चाटायला लागतो. जीभ गुलाबी, जाडसर, टोकाला बोथट. एक थेंब उचलला की जरा थांबतो, घोट खाली उतरला की पुढचा. मध्येच तीच जीभ वर वळवून डोळा पुसून घेतो, कारण पापण्या त्याला नाहीत. घाई कसली ती नाहीच. पान संपलं की काच, काच संपली की फर्नचा शेंडा.

ही जीभ मी इतकी निरखायला लागले ती किडीमुळे. एरवी लेकीनं हट्टानं आणलेल्या या पाहुण्याकडे मी जेवढ्यास तेवढं बघत असे. पण काचघरातल्या झाडांना कीड लागली, तिचं काय करायचं याची शोधाशोध सुरू झाली, आणि सुचलेला प्रत्येक उपाय फिरून त्या जिभेपाशीच येऊन अडायला लागला. जे पानावर, ते जिभेवर. आणि जिभेवरून थेट डोळ्यात.

पालोबा म्हणजे क्रेस्टेड गेको. सरळ सांगायचं तर पालच, पण डोळ्यांवर काट्यांची झालर असलेली आणि रंगानं मातकट पिवळी. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग, “इकत घेतलीस? पाल?” तिचं काही चुकत नव्हतं. तासगावच्या आमच्या घरात पाल दिसली की केरसुणी हातात यायची. अंगावर पडली तर पंचांगातलं पल्लीपतनाचं कोष्टक उघडून डावा खांदा की उजवा हे पाहिलं जायचं. पैसे मोजून ती आणायची, तिच्यासाठी उजेडाचा, उबेचा आणि ओलीचा बंदोबस्त करायचा, तिला फळांच्या पावडरीची पेज कालवून द्यायची, हे त्या घराला पेलणारं नव्हतं. (पेजेला वास मात्र खरोखर आंब्याच्या बाठ्याचा येतो. पहिल्या दिवशी मी बोट चाटून पाहणार होते, लेकीनं हात धरला.)

जात मूळची न्यू कॅलेडोनियाची. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात फ्रान्सच्या अखत्यारीतली ही बेटं. १८६६ साली आल्फोन्स गिशनो या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं या पालीचं शास्त्रीय वर्णन लिहिलं, आणि पुढे ती इतका काळ कुणाला दिसली नाही की संपली असंच लोक धरून चालले. १९९४ साली ती पुन्हा सापडली. त्यानंतर माणसाच्या हाताखाली तिची वीण सुरू झाली आणि त्या वंशातली पिल्लं आज युरोप-अमेरिकेत घरोघरी काचेला चिकटून बसलेली आहेत. मेली म्हणून खात्यातून नाव कमी केलेली जात आमच्या लंडनच्या हॅरोतल्या बैठकीच्या खोलीत, गणपतीच्या फोटोसमोरच्या कोपऱ्यात, मजेत जगते आहे. तिला फार ऊन नको, फार गरमी नको. बावीस ते सव्वीस अंश सेल्सिअस, रात्री भरपूर ओल, चढायला फांदी आणि लपायला पाला, एवढ्यात तिचं भागतं.

हा पाला खरा असावा हा लेकीचा आग्रह. प्लॅस्टिकची पानं धुऊन पुसून वर्षानुवर्षं चालतात, त्यांना कीड लागत नाही. दुकानदारही तेच सुचवत होता. पण तिनं वाचलं होतं की जिवंत माती घातली तर काचघर आपलं आपण साफ होत राहतं. म्हणून तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, जाळीवर कोकोपीट आणि सालीचे तुकडे मिसळलेली माती, आणि सगळ्यात वर बागेतून आणून उकळून वाळवलेली ओकची पानं. या मातीत दोन जातींचे जीव मुद्दाम सोडले. एक स्प्रिंगटेल: मोहरीच्या दाण्याहून लहान, पांढरे, पोटाखालच्या काट्याच्या जोरावर टुणकन उडणारे, बुरशी खाऊन जगणारे. दुसरे आयसोपॉड: राखाडी, खवल्याखवल्यांच्या पाठीचे, अंधारात पाला कुरतडत बसणारे. आयसोपॉड कीटक नव्हेत, कवचधारी आहेत, खेकड्याच्या भावकीतले. मादी पोटाखालच्या पिशवीत अंडी घेऊन फिरते. पालोबाची विष्ठा, गळालेलं पान, टाकलेल्या कातीचा उरलेला तुकडा, सगळं हे दोघे मिळून मातीत मिळवून टाकतात. म्हणजे किडे आम्ही स्वतःच आणले होते. पुढे जे आले ते बिनबोलावता आले, इतकंच.

आधी आल्या माश्या. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात त्या चिलटांचे डोळे लाल आणि अंग बुटकं असतं. या काळ्या, किडकिडीत, लांब पायांच्या. उडण्यापेक्षा चालणं त्यांना जास्त पसंत. मातीवरून, काचेवरून, पानाच्या कडेवरून लगबगीनं चालत जातात आणि चहाच्या कपात येऊन मरतात. इथले कुंडीवाले त्यांना फंगस नॅट म्हणतात. माशी जेमतेम आठवडाभर जगते, पण तेवढ्या आयुष्यात ओल्या मातीत शंभर-दोनशे अंडी घालून जाते. खरं प्रकरण असतं मातीतच. रात्री काचेच्या तळाशी विजेरी टेकवली तर माती आणि काच यांच्या फटीत अळ्या दिसतात. अर्धा सेंटिमीटर लांब, अंग इतकं पारदर्शक की पोटातल्या मातीची काळी रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत वाचता यावी, आणि डोकं तेवढं काळंभोर, चकचकीत. उजेड पडला की आळसावून वळतात. बुरशी खातात, कुजकं खातात, ते पुरलं नाही की कोवळ्या मुळांकडे वळतात. लेकीनं बटाट्याची एक चकती मातीवर पालथी ठेवली. सकाळी उलटली तर खालच्या ओल्या बाजूला त्या चिकटून बसलेल्या, हातानं मोजाव्यात इतक्या स्पष्ट.

घरातल्या कुंडीत हे झालं असतं तर उत्तर सोपं होतं: पाणी तोडायचं. वरची माती वाळली की अंडी आणि अळ्या आपोआप मरतात. इथे पाणी तोडता येत नाही. रात्रीची ओल कमी झाली की पालोबाची कात नीट उतरत नाही. बोटांवर तिचं कडं अडकून बसतं, आवळत जातं, आणि बोट गमवायची वेळ येते. शेपटी तर या जातीत एकदा तुटली की पुन्हा येतच नाही. आमच्या घरातल्या पाली शेपूट टाकून निवांत नवी उगवून घ्यायच्या, हिची तशी सोय नाही. तेव्हा ओल हवीच, आणि ओल म्हणजे माश्यांचं माहेर.

“औषध मार की,” अण्णा फोनवर म्हणाले.

माझे वडील द्राक्षबागायतदार. औषध मारणं हे त्यांच्यासाठी तोंड धुण्याइतकं रोजचं काम. माझ्या लहानपणीची पहाट म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरचा घरघराट. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की तो सुरू व्हायचा तो घडात साखर भरेपर्यंत. डावणी, भुरी, तुडतुडे, थ्रिप्स, मिलीबग ही नावं मला बाराखडीबरोबर पाठ झाली. आभाळ भरून आलं की शेजारच्या वस्तीवर लोक कांदाभजी तळत, आमच्याकडे अण्णा आभाळाकडे बघत टाकीत औषध कालवत. धुक्यातून दिसणारं ते दुसरं, औषधाचं धुकं, वेलींच्या रांगांमधून पांढरं होऊन वर चढणारं, त्याचा उग्र गंधकी वास शाळेच्या गणवेशालाही असायचा. मला तो वास आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. तो यायचा म्हणजे बाग जिवंत होती, हप्ते फिटणार होते.

त्यामुळे औषधाविरुद्ध प्रवचन मला अण्णांपुढे करता आलं नसतं, आणि करायचंही नव्हतं. मी एकेक औषधाचं नाव वाचून दाखवत गेले. झाडात भिनणारी औषधं नकोत, कारण त्या झाडावरच्या थेंबाची मला खात्री देता येणार नाही. पायरेथ्रॉइड नकोत; सरपटणाऱ्या प्राण्यांना ती बाधतात, आणि आयसोपॉड तर पहिल्याच फवाऱ्यात जातील. साबणाचं पाणी नको, त्यानं स्प्रिंगटेल मरतात आणि पानावर थर राहतो. “मग निंबोळी अर्क,” अण्णांचा पुढचा पत्ता. निंबोळीवर त्यांचा जीव आहे. पण निंबोळी किड्याच्या कात टाकण्यातच बिघाड करते, आणि आमचे सफाई कामगार आयसोपॉडही कात टाकूनच वाढतात. शिवाय तेलकट पानावरून पालोबानं थेंब कसा उचलायचा? फोनवर शांतता. शेवटी मला एक वाक्य सापडलं. म्हटलं, “अण्णा, हा युरोपला जाणारा माल समजा. आणि तोडणी रोज रात्री आहे.”

त्यांना एका दमात कळलं.

कारण २०१० साल त्यांनी पाहिलेलं आहे. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलो द्राक्षांत एक मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, भाव कोसळले, आणि गावोगावच्या पारावर ‘रेसिड्यू’ हा शब्द असा काही रुळला की अंगठेबहाद्दर म्हातारेसुद्धा तो बिनचूक उच्चारायला लागले. तेव्हापासून अण्णांच्या वहीत प्रत्येक फवारणीपुढे दोन आकडे असतात: मात्रा, आणि फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस सोडायचे तो पीएचआय. कुठल्या औषधाला पंधरा दिवस, कुठल्याला पन्नास. इथल्या दुकानात घड उचलणाऱ्या बाईला त्यात मिलीबग दिसलेला चालत नाही, आणि औषधही सापडलेलं चालत नाही. या दोन ‘नको’च्या मधल्या बोळकांडीतून तासगावचा माणूस वर्षानुवर्षं आपली बाग काढतो आहे. पालोबाचा पीएचआय शून्य. आज संध्याकाळी जे पानावर पडेल ते आज रात्री जिभेवर जाणार.

“मग मित्रकिडी,” अण्णा म्हणाले. “दुसरं काही न्हाई.”

मातीतल्या अळ्यांसाठी आम्ही दोन मित्र आणले. सूत्रकृमी आले टपालानं, चपट्या पाकिटात, ओल्या पिठाच्या रूपात. फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी त्यांना ठेवावं लागलं आणि घरातल्या सगळ्यांना दोनदा बजावावं लागलं. स्टायनरनेमा फेल्टिई असं त्यांचं नाव. डोळ्याला दिसत नाहीत. पाण्यात ढवळून मातीत ओतले की अळी शोधत जातात, तिच्या अंगातल्या छिद्रांतून आत शिरतात आणि पोटात बाळगलेले जिवाणू तिथे सोडतात. अळीला मारतात ते हे जिवाणू. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला यातलं काहीही बाधत नाही. दुसरा मित्र म्हणजे मातीत राहणारा तांबूस परभक्षी कोळी, हायपोअॅस्पिस या जुन्या नावानंच अजून विकला जाणारा. तो अळ्या खातो, पण निवडून खात नाही. स्प्रिंगटेलचीही शिकार करतो. काही दिवस आमच्या पांढऱ्या उड्या मारणाऱ्या मंडळींची संख्या रोडावली, मग सावरली. माश्या कमी झाल्या. गेल्या नाहीत. अजूनही एखादी काचेवरून चालताना दिसते आणि मी तिला चालू देते.

लंडनमध्ये राहून काचेत झाड लावणाऱ्यानं नॅथॅनियल वॉर्डचं नाव न घेता पुढे जाऊ नये. हा एकोणिसाव्या शतकातला पूर्व लंडनमधला डॉक्टर, वेलक्लोझ स्क्वेअरमध्ये राहणारा, झाडांचा वेडा. त्याच्या अंगणातले फर्न कोळशाच्या धुरानं एकामागून एक मेले. १८२९ साली त्यानं एका पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटलीचं तोंड बंद केलं, पतंग बाहेर येताना पाहावा म्हणून. काही दिवसांनी मातीतून एक फर्न आणि गवताची एक काडी वर आली. बाटलीतली वाफ काचेवर जमत होती, ओघळून पुन्हा मातीत जात होती, आणि बाहेरची काजळी आत येत नव्हती. वॉर्डनं किडा पाहायला काच मांडली, झाड उगवलं. आम्ही झाडासाठी काच मांडली, किडे उगवले.

त्या बाटलीवरून त्यानं काचेच्या बंद पेट्या बनवल्या. १८३३ मध्ये पहिल्या दोन पेट्या फर्न भरून जहाजाच्या डेकवरून सिडनीला निघाल्या आणि आतली झाडं जिवंत पोचली. मग सगळं जगच त्या पेट्यांतून इकडचं तिकडे झालं. चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या उतारावर आली, दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीत आला. क्यू उद्यानानं अशी पेटी १९६२ पर्यंत वापरली. पण पेटीतून नुसतं झाड जात नव्हतं. त्याच्याबरोबर माती होती, आणि मातीत अंडी, कोष, बुरशी. कुठल्या बेटावरचा कुठला किडा कुठल्या बंदरात उतरला याचा हिशेब कोण ठेवणार? किडा एकटा उतरतो, त्याला खाणारा मागेच राहतो. मग तो नव्या मुलखात माजतो. आमच्या तीन फूट उंचीच्या काचेत याहून वेगळं काही घडत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या बगलेत लपून एखादा आत आला, की त्याला पाऊस झोडपत नाही, वारा उडवत नाही, चिमणी टिपत नाही. ऊब बाराही महिने. मी किडा असते तर मीही इथेच संसार मांडला असता.

मिलीबगनं मांडला. मनी प्लांटच्या देठाच्या बगलेत कापसाचा कण दिसला तेव्हा मला वाटलं, लेकीच्या स्वेटरचा धागा अडकलाय. दुसऱ्या दिवशी तिथे दोन होते. अण्णांना व्हिडिओ कॉल लावून फोन पानाजवळ धरला. अण्णांनी चष्मा वर केला आणि दोन सेकंदात निकाल दिला: “मिलीबग. मुंग्या हायत का?” मुंग्या नव्हत्या, ही एक चांगली गोष्ट, मुंग्या असल्या की त्या मिलीबगचा गोड चिकटा चाटतात आणि बदल्यात त्याला राखतात. भिंग लावून पाहिलं तर तो कापूस नव्हताच. अंडाकृती, गुलाबीसर देह, त्यावर मेणाचं पीठ, आणि कडेनं मेणाच्याच आखूड झालरी. सोंड पानात खुपसून एकाच जागी बसलेली मादी. पंख तिला येतच नाहीत. पाण्याचा फवारा मारला तर मेणावरून थेंब घरंगळून गेले. गावाकडच्या वेलींच्या बागेत अण्णा तिला शोधायला खोडाची सुटलेली साल सोलून काढायचे, ओलांडे हातानं घासायचे. ती कुठे दडते हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. इथे ती दडली होती पानांच्या बगलेत आणि मागच्या भिंतीवर चढवलेल्या चिमुकल्या फायकसच्या जाळीत.

मनी प्लांट आणि फर्न उपटून काढता आले. त्यांना बाहेर नेऊन, कापसाच्या काडीला स्पिरिट लावून, एकेक बगल पुसली. स्पिरिट लागताच पांढरं मेण विरघळतं आणि खालचा देह तपकिरी होतो. हे काम हातात बसलं की सुटत नाही. दूरदर्शनवर काय चालू आहे, कुकरच्या किती शिट्या झाल्या, कशाचं भान राहत नाही. धुऊन, निथळवून, काही दिवस वेगळं ठेवून झाडं परत आत गेली. पण फायकसनं भिंतीत मुळं रोवलेली. त्याला सोडवायचं म्हणजे काचघरच मोडायचं. जाणकार मंडळींत एक जालीम उपाय चालतो: प्राणी बाहेर काढायचा, कोरडा बर्फ आत ठेवायचा, कार्बन डायऑक्साइडनं पेटी भरून टाकायची. श्वास घेणारं सगळं मरतं. माश्या, मिलीबग, आणि त्यांच्याबरोबर आयसोपॉड, स्प्रिंगटेल, सगळेच. अंडी मात्र बऱ्याचदा वाचतात. लेकीनं हे वाचून दाखवलं आणि आम्ही दोघींनी ते पान बंद केलं.

“क्रिप्टो सोड,” अण्णा म्हणाले. जणू गल्लीतल्या कुणाला हाक मारतोय.

क्रिप्टोलेमस हा छोटा भुंगेरा. चार मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथून तो आधी कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय झाडांवरच्या मिलीबगसाठी गेला, आणि १८९८ साली भारतात आला तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. खवले किडीचं त्यानं फारसं काही केलं नाही, पण दक्षिणेत रमला आणि मिलीबगवर ताव मारू लागला. पुढे द्राक्षबागांतही त्याला सोडायला लागले. अण्णांच्या बागेत तो खोक्यातून यायचा. संध्याकाळी सोडायचा आणि त्यानंतर ब्लोअरला हात लावायचा नाही. हे हात न लावणं सगळ्यात अवघड, असं अण्णा सांगतात. पैसे घातलेत, डोळ्यांसमोर मिलीबग दिसतोय, टाकी भरलेली आहे, आणि तुम्ही बांधावर नुसते उभे.

आमच्याकडे तो एका नळीत आला, कागदाच्या पट्ट्यांना धरून बसलेला. भुंगेरे दिवसाचे, पालोबा रात्रीचा. तेव्हा सकाळी, तो सालीमागे झोपलेला असताना, नळी फायकसजवळ उघडली. दिवसभर ते उजेडाकडे चढत राहिले आणि वरच्या जाळीखाली गोळा झाले. लेकीचा चेहरा पडला. पण मग एकेक खाली उतरला, आणि काही दिवसांनी फायकसवर मिलीबग वाढलेले दिसायला लागले. वाढलेले आणि मोठे झालेले. लांब लांब मेणाच्या पांढऱ्या शेपट्या, आणि चालणारे. मिलीबग असं चालत नाही. हे होतं भुंगेऱ्याचं पोर. क्रिप्टोलेमसची अळी अंगावर मेणाच्या झिपऱ्या मिरवते, भक्ष्याच्याच वेषात भक्ष्याच्या वस्तीत हिंडते. बागेत नवखे मजूर तिलाच मिलीबग समजून चिरडतात, म्हणून अण्णा माणसं कामाला लावण्याआधी एक अळी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवायचे. भिंगाखाली मी तिला एका मिलीबगपाशी थांबलेली पाहिलं. अंगावर चढली, कुठून तरी आत तोंड घातलं, आणि तो गुबगुबीत गुलाबी देह हळूहळू सुरकुतत गेला, शेवटी मेणाची रिकामी पिशवी उरली. मग ती पुढे निघाली.

अण्णांना २००२ साल आठवलं. त्या वर्षी सांगली भागात उसावर लोकरी मावा पडला. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, वर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कोण, आणि शिरला तरी फवारा पानाखाली पोचणार कसा? त्याला आवरलं ते कोनोबाथ्राच्या अळीनं आणि मायक्रोमसनं, या दोन मित्रकिडींनी. ज्या उसात हे मित्र दिसतील तिथली पानं तोडून माणसं दुसऱ्या शिवारात नेऊन बांधत होती. “त्या साली पयल्यांदा बघितलं,” अण्णा म्हणाले, “लोक कीड लागलेलं पान मागायला एकमेकाच्या दारात जात हुती.”

मिलीबग संपत आले तसा दुसरा प्रश्न उभा राहिला, ज्याचा विचार आम्ही केला नव्हता: आता भुंगेऱ्यांनी खायचं काय? पालोबानं एखाद-दुसरा गट्टम केला असेल. बाकीचे काचेवर फिरत राहिले, मग मातीवर निपचित दिसायला लागले, मग आयसोपॉडनी त्यांचीही व्यवस्था लावली. लेकीला हे मनापासून खटकलं. बोलावून आणलं, काम करवून घेतलं आणि उपाशी ठेवलं, असं तिचं म्हणणं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. याआधी मातीत गोगलगायी निघाल्या होत्या, तेव्हा ती एवढी हळवी झाली नव्हती. काकडीच्या चकतीखाली जमलेल्या नखाएवढ्या गोगलगायी ती बिनदिक्कत वेचून काढायची.

एप्रिल छाटणी उरकून, बाग भावाच्या हवाली करून अण्णा उन्हाळ्यात इकडे आले. पहिले दोन दिवस काचघराकडे बघितलं नाही. आईचा शब्द असावा. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर खुर्ची ओढून समोर बसलेले, खिशातलं घडीचं भिंग बाहेर. बागेत करतात तसंच, पान दोन बोटांत धरून उलटं करायचं, खालची शीर बघायची, देठ बघायचा, पान सोडून द्यायचं. एका पानापाशी थांबले. पानावर चंदेरी ओरखडे होते आणि त्यांत काळे बारीक ठिपके.

“थ्रिप्स,” म्हणाले. “निळा चिकट सापळा लाव. पिवळा नको, निळाच.”

“आजोबा, त्याचे पाय!” लेक ओरडलीच. मग तिनं त्यांना शेजारी बसवून समजावलं. पालोबाच्या तळव्याला चिकट असं काहीच नसतं. तिथे इतके सूक्ष्म केस असतात की त्यांची टोकं काचेच्या अगदी लगत जातात, आणि रेणूंमधल्या ओढीवर तो धरून राहतो. २००० साली केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गेकोच्या एकाच केसाची पकड मोजून दाखवली होती. गोंदाच्या कागदावर तो पाय पडला तर सुटायचा नाही, आणि घाबरून शेपूट टाकेल ती परत यायची नाही. अण्णा सगळं ऐकून घेत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “रेणू म्हंजी?” तेही तिनं सांगितलं.

दुपारी ते स्वयंपाकघरात श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन बसले. दाभण गॅसवर तापवून डब्याला चारी बाजूंनी भोकं पाडली, इतकी बारीक की थ्रिप्स आत जाईल, पालोबाचं बोट जाणार नाही. निळ्या सापळ्याचा तुकडा आत उभा केला, झाकण दाबून बसवलं, वर तार बांधली. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. डबा निळसर दिसावा म्हणून अर्धपारदर्शकच हवा होता, तर एक भरलेला डबा त्यासाठी संपवावा लागला. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

डबा फायकसशेजारी टांगून झाल्यावर अण्णांनी विचारलं, “आता मोजायचं कवा?” सापळ्यावरचे किडे ठरलेल्या दिवशी मोजायचे असतात, आकडा चढला तरच पुढचं पाऊल, नाहीतर बांधावर उभं राहायचं. लेकीनं कॅलेंडरवर रविवारांवर खुणा केल्या आणि भिंग मागायला हात पुढे केला. अण्णांनी ते घडी घालून खिशात टाकलं. रविवारी देतो म्हणाले.